मैदान वस्तीचं, बॉल दात्याचा, मग कोचचा पगार कुणी द्यायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरात एका वस्तीला लागून असलेल्या लेआऊटच्या ओपन स्पेसवर आम्ही काही जण फुटबॉल चालवतो. पहाटे मोठी मुलं, संध्याकाळी मुलं-मुली एकत्र. मैदान मुरमाचं आहे. शिवलेला बॉल मुरमावर घासून लवकर उसवतो, म्हणून रबरी बॉल वापरतो. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातला आवरावंच लागतं. संस्था छोटी आहे, पण कागदपत्रं जागेवर आहेत.

मागच्या महिन्यात एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसा देणाऱ्या विभागाच्या लोकांना भेटून आले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, बॉल देऊ, जर्सी देऊ, वर्षाला एक टुर्नामेंट देऊ. कोचचं मानधन मात्र ॲडमिन खर्चात जातं, ते बसत नाही. जाता जाता सल्ला मिळाला की सोशल एंटरप्राइझ व्हा, स्वतःच्या पायावर उभे राहा.

तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. बॉल नसला तर पोरं काहीतरी शोधून खेळतातच. पण रोज ठरलेल्या वेळी मैदानावर येणारं, पोरगं चार दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन विचारणारं माणूस नसेल तर दोन महिन्यांत मैदान ओस पडतं. तो माणूस वस्तीतलाच, कालपर्यंत तिथेच खेळलेला असेल तर पोरं त्याचं ऐकतात आणि आयाही ऐकतात. अशा पोराच्या हातात दर महिन्याला ठरलेला पैसा पडला नाही तर विशीत तो डिलिव्हरीची गाडी धरतो, नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागतो. त्याचं काहीच चुकत नाही. पण त्याच्याबरोबर पन्नास पोरांची संध्याकाळ जाते.

नागपूरला हे काम नवं नाही. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्याचंच पुढे 'स्लम सॉकर' झालं. मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन याच कामाला लागला, इथून भारताचा संघ होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघर-वंचित खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेला जाऊ लागला, २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. 'झुंड' सिनेमा आला तेव्हा ही गोष्ट घरोघरी पोचली. पण लोकांच्या लक्षात राहते ती परदेशवारी. होमलेस वर्ल्ड कपमध्ये खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं, हा नियम फार थोड्यांना माहीत असतो. मग विमानातून उतरल्यावर त्या पोराचं पुढे काय? मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की तिथले खेळाडूच पुढे कोच झाले.

आता प्रश्न. दक्षिण नागपुरातल्या बेसा, मनीषनगरकडचे पालक मुलांच्या फुटबॉल कोचिंगला चांगली फी देतात. आमच्या कोचेसनी तिथे फी घेऊन बॅच चालवावी आणि त्या पैशावर वस्तीतली बॅच फुकट चालावी, असं माझ्या मनात आहे. आमच्यातल्याच दोघा-तिघांचा याला ठाम विरोध आहे. त्यांचं म्हणणं, एकदा फीवाली पोरं आली की कोचचं लक्ष तिकडेच जाईल. तुमचं काय मत आहे? आणि सीएसआरमधून मानधन खरंच घेता येत नाही का?

कामठीवाला

ताई, चांगला विषय काढला. आमच्या कामठीत फुटबॉल घराघरात आहे, रब्बानी क्लबचं नाव तर बाहेरही लोक घेतात. आमच्या वेळी सामाजिक बदल वगैरे शब्द कोणाला माहीत नव्हते, पोट्टे खेळता खेळताच सुधरले. जुने खेळाडू फुकटात शिकवत. पण ते फुकटात काऊन शिकवू शकत होते? कोणी रेल्वेत होता, कोणी पोलिसात, कोणी मिलमध्ये. ड्युटी सुटली की सायकल सरळ मैदानावर. घरी पगार येऊन राहिला होता म्हणून संध्याकाळ मोकळी होती.

आता लोक म्हणतात पहिल्यासारखी सेवावृत्ती राहिली नाही. मला हे बिलकुल पटत नाही. वृत्ती तीच आहे, तिच्या मागची पक्की नोकरी गेली. एम्प्रेस मिल बंद पडली तेव्हा किती मैदानांचे कोच गेले हे कोणी मोजलंच नाही. कोचले पैसे द्या, ताई, लाजू नका.

हिशेबनीस

व्यवसायाने सीए आहे, काही धर्मादाय संस्थांचं ऑडिट करतो. मानधनाबद्दल तुम्हाला जे सांगितलं गेलं ते बरोबर नाही, आणि हा गैरसमज मी फार ठिकाणी पाहतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५ खाली सीएसआर येतं. त्यात प्रशासकीय खर्चाला ५% ची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला, म्हणजे सीएसआर विभाग चालवायला जो लागतो त्याला. काम करणाऱ्या संस्थेने प्रकल्पावर केलेला खर्च त्या ५% मध्ये धरत नाहीत. मैदानावर उभा राहून शिकवणारा कोच हा प्रकल्पाचाच खर्च. त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत, ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे दिलेलं आहे. शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता हे विषयही त्याच यादीत आहेत. शिकवणाऱ्याशिवाय प्रशिक्षण होणार कसं?

आणि त्यांनी जे देऊ केलं तेही तपासून पाहा. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम बसत नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. म्हणजे नाव छापलेली जर्सी आणि एका दिवसाची टुर्नामेंट यांचीच बाजू जास्त कच्ची आहे. भांडू नका, पण पुढच्या प्रस्तावात 'वर्षभराचा प्रशिक्षण प्रकल्प' असं लिहा आणि पहिल्या ओळीत कोचचं मानधन टाका.

फीबद्दल दोन गोष्टी. आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेने खेळाचं प्रशिक्षण दिलं तर त्यावर जीएसटी नाही. आयकरात मात्र सांभाळा. तुमचा उद्देश 'सार्वजनिक उपयोगिता' या गटात धरला गेला, तर व्यवसायासारख्या कामातून येणारी रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २०% च्या आत राहावी लागते. फी त्याहून वाढणार असेल तर त्या कामासाठी वेगळी कंपनी काढायचा विचार करा. हे आधी ऑडिटरशी बोलून ठरवा, वर्ष संपल्यावर नाही.

रानजाई

हिशेबनीस दादा, मनापासून आभार. ५% चं हे आजवर कोणीच असं उलगडून सांगितलं नव्हतं. प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला आहे. २०% च्या मर्यादेची मात्र कल्पनाच नव्हती. त्यामुळे सगळं फीवर चालवू हा विचार आमच्या आत्ताच्या रचनेत बसत नाही, हे कळलं.

शंतनू_बेसा

मी तुम्ही म्हणता त्या पालकांपैकीच एक. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, फुटबॉलला जातो, आम्ही फी देतो. माझ्याकडून दोन गोष्टी.

एक, 'तुमच्या फीतून गरीब मुलांचं भलं होतं' असं सांगून बॅच भरू नका. पालक पहिल्या महिन्यात हळहळतील, तिसऱ्या महिन्यात विचारतील की कोच उशिरा का आला. कोचिंग चांगलं असेल तर तेवढ्यावरच लोक येतात. कोचेसना एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स करायला लावा आणि त्याचा खर्च संस्थेने उचला. बेशात तो कागद पाहिला जातो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. वस्तीतून आलेल्या पोराशी आमच्या भागातले सगळेच नीट बोलतील याची खात्री मी देत नाही. 'अरे इकडे ये' असं पंचवीस वर्षांच्या कोचला म्हणणारे लोक इथे आहेत. पहिल्या दिवसापासून सर, मॅडम म्हणायचं, हे संस्थेने पालकांच्या बैठकीत सांगूनच टाकावं. आणि महिन्यातून एकदा दोन्ही बॅचेसची मिश्र मॅच ठेवा, आमच्या मुलांना आमच्या गेटबाहेरचं नागपूर दिसू द्या. यासाठी मी फी दिली तर मला ती जास्त वाटणार नाही.

फळा_खडू

मी मनपाच्या शाळेत शिकवते. चर्चा चांगली आहे, पण मला थोडं थांबून बोलावंसं वाटतं. खेळाने बदल होतो, हे सगळे गृहीत धरून बोलत आहेत. माझ्या वर्गातली फुटबॉल खेळणारी मुलंही गळतात. आठवीनंतर मुली घरी बसतात. कोणीतरी सांगतं, खेळा, नोकरी लागेल. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५% आरक्षण आहे हे खरं, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. मैदानावरच्या पन्नासातल्या एकाच्या वाट्याला ते आलं तरी खूप. उरलेल्या एकोणपन्नासांना काय सांगणार? मुलांना स्वप्नं विकू नका, एवढीच कळकळीची विनंती. आणि तुमच्या मैदानावर नक्की काय बदललं ते सांगा. 'आत्मविश्वास वाढला' असं मोघम नको.

रानजाई

मॅडम, नोकरीचं आमिष आम्ही दाखवत नाही आणि दाखवणारही नाही. काय बदललं याचं एक उदाहरण देते.

आम्ही आठवड्यातून एकदा तीन टप्प्यांचा सामना खेळतो. जगभर त्याला फुटबॉल३ म्हणतात. १९९४ च्या वर्ल्ड कपमधल्या स्वयंगोलनंतर आंद्रेस एस्कोबार या कोलंबियाच्या खेळाडूचा तिथल्या मेदेयीन शहरात गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच शहरातल्या तरुण पोरांना हिंसेपासून दूर ठेवायला ही पद्धत निघाली. रेफरी नसतो. पहिल्या टप्प्यात मुलं बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात पुन्हा गोल करून बसतात आणि ठरलेलं पाळलं का यावर बोलून एकमेकांना गुण देतात.

आमच्या पोरांनी ठरवलं होतं की मुलीचा पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. मुलांनी त्यातून लगेच वाट काढली. गोलजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या बुटाला बॉल टेकवायचा, परत घ्यायचा आणि गोल मारायचा. नियम पाळला गेला, मुली खांबासारख्या उभ्या राहिल्या. सामना झाल्यावर सगळे बसले, तेव्हा सहावीतली एक मुलगी, जी एरवी नाव विचारलं तरी खाली बघायची, ती म्हणाली, "तू मले पास नाही देल्ला. माया पायाले लावून वापस घेतला." तो पोरगा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, संघाचा कॅप्टन. तो म्हणाला, नियमात बसते ना? ती म्हणाली, "मंग नियम बदलवू." बराच वाद झाला. कोच मध्ये बोलली नाही, तिला तसंच शिकवलेलं आहे. शेवटी ठरलं की मुलीने बॉल घेऊन पुढे जायचं आणि पास कोणाला द्यायचा ते तिनेच ठरवायचं.

पुढच्या आठवड्यात त्या कॅप्टनचा संघ हरला, कारण मुलांनी आपल्या संघातल्या मुलींना कधी खेळवलंच नव्हतं. त्यानंतर तोच कॅप्टन मुलींना पासिंग शिकवायला सामन्याआधी येऊन थांबू लागला. जिंकायचं होतं म्हणून आला, हे मला चालतं. पुढे त्याच मुलीने शाळेत मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं. कडी बसली. एवढंच माझ्याकडे दाखवण्यासारखं आहे, पण ते मला खरं वाटतं. आणि तो वाद होऊ देणारी, मध्ये न बोलता बसणारी कोच तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून मानधनावर मी इतकी अडून बसले आहे.

फळा_खडू

हे पटलं. शाळेतली हजेरी मात्र सोबत ठेवत जा. गैरहजर मुलांची नावं शाळेला विचारून घेता येतील, माझ्यासारख्या शिक्षिका देतीलच.

अकरा_नंबर

मी ताईंच्या मैदानावरच खेळली आणि आता तिथेच कोच आहे. पहिल्यांदाच इथे लिहून राहिली.

मुली मैदानावर काऊन येत नाही, याचं कारण सगळे विचारतात. घरचे सोडत नाही, लोक काय म्हणतील, हे सगळं आहेच. पण आमच्या इकडे मोठं कारण नळाचं आहे. नळ येतो संध्याकाळी, त्याच वेळी बॅच. पाणी भरायचं काम मुलीचं. भाऊ बॉल घेऊन निघून जाते. दुसरं, लहान भावंड कडेवर. मी कोच झाल्यावर पहिले काय केलं असेल तर बॅचची वेळ नळाच्या नंतर नेली आणि लहान पोरांना सोबत आणायला सांगितलं. मैदानाच्या कोपऱ्यात एक आजी त्यांना पाहते. मुली दुपटीने वाढल्या. बाहेरून आलेल्या कोचला हे कसं कळणार? त्याच्या घरी नळ चोवीस तास असते.

मानधनाबद्दल. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. मी कोच झाली तेव्हा ती म्हणे, खेळून कोणाचं पोट भरते? पहिल्या महिन्याचा पैसा तिच्या हातात दिला त्या दिवसापासून मला कोणी 'कुठे चालली' म्हणून विचारलं नाही. आता शेजारची बाई स्वतः तिच्या पोरीला घेऊन येते, म्हणते हिलेही तुह्यासारखं कर. फुकट काम केलं असतं तर माझं लग्न केव्हाच लावून दिलं असतं.

आणि बेशाच्या बॅचला मी तयार आहे. शंतनू सरांनी जे लिहिलं त्याची मला भीती नाही. कागद द्या, लायसन्स द्या, बाकी मी पाहून घेते.

दूरदेशी

नागपूरचाच, आता पुण्यात. अकरा_नंबर, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं.

नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ पासून असं काम चालू आहे, माथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन. तिथे लीगमध्ये सामना जिंकला की गुण मिळतात, तसेच वस्तीतला कचरा साफ केला तरी संघाला गुण मिळतात आणि ते गुणतक्त्यात धरले जातात. शिवाय लहानांना शिकवणाऱ्या, रेफरी म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलांचे वेगळे गुण साठतात आणि त्यातून त्यांच्या शाळेची फी भरली जाते. नागपुरात ही गुणांची पद्धत आणता येईल का?

कामठीवाला

दूरदेशी भाऊ, दुसरा भाग आणा, पहिला आणू नका. नैरोबीत कचरा उचलणं हे वस्तीचं काम असेल. आपल्या इथे झाडू कोणाच्या हातात द्यायचा याला हजार वर्षांचा इतिहास आहे. दीक्षाभूमीच्या गावात वस्तीतल्या पोराले सांगाल की कचरा उचल मंग गुण देतो, तर त्याची माय मैदानावर येऊन बॉल हातातून हिसकून नेईन, आणि तिचं बरोबर राहीन.

फळा_खडू

पूर्ण सहमत. गुण द्यायचेच तर शाळेच्या हजेरीला द्या, अभ्यासिकेत बसण्याला द्या, लहान मुलांना शिकवण्याला द्या. आमच्या भागात बुद्धविहारातच अभ्यासिका चालतात, जागा शोधायचीही गरज नाही.

शंतनू_बेसा

एक शंका. वस्तीतल्या मुलांकडून अगदी थोडी फी घेतली तर? महिना वीस-तीस रुपये. फुकटाची किंमत राहत नाही असं म्हणतात.

अकरा_नंबर

नका घेऊ सर. घरात एक पोरगा आणि एक पोरगी खेळत असेल आणि दोघांचे पैसे मागितले, तर कोणाचे भरतील? पोरगी घरी बसन. किंमत पाहिजे असेल तर दुसरी ठेवा. आमच्याकडे जो उशिरा येते तो मैदानावर खुणेला ठेवलेले प्लास्टिकचे कोन गोळा करते आणि संघ ओळखायला घालायचे बिब धुवून आणते. पोट्टे धावत येतात.

हिशेबनीस

हा मुद्दा प्रस्तावात जसाच्या तसा लिहा: फी शून्य का, तर मुलींची गळती होऊ नये म्हणून. वेळ नळानुसार का, तेही लिहा. दात्यांना अशा प्रस्तावावरून कळतं की लिहिणारी मंडळी मैदानावर उभी असतात.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री आमची बैठक झाली, त्यात हा धागा मोठ्याने वाचला. विरोध करणारे दोघे अर्धे राजी झाले, अर्धे नाहीत. ठरलं ते असं: वस्तीतली बॅच कायम फुकट. दिवाळीनंतर दक्षिणेकडे एकच फीची बॅच, तीही शनिवार-रविवार सकाळी, म्हणजे वस्तीची संध्याकाळ कोणाच्या हातून जाणार नाही. फीचा पैसा २०% च्या आत ठेवून पहिल्या वर्षी तो फक्त लायसन्स आणि मानधनासाठी वापरायचा. सीएसआरचा प्रस्ताव मानधनापासून सुरू होईल. तरीही कंपनीने नाही म्हटलं तर दुसरी कंपनी शोधू, पण जर्सीवर समाधान मानायचं नाही. गुणांची पद्धत पोरांसमोर तिसऱ्या टप्प्याला ठेवणार आहोत, तीच ठरवतील.

दोघांचा एक आक्षेप अजून शिल्लक आहे: चांगला कोच तयार झाला की बेशातली एखादी अकॅडमी त्याला जास्त पैसे देऊन उचलून नेईल. याला माझ्याकडे उत्तर नाही. कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

आणि बेसा-बेलतरोडी भागात सकाळी रिकामं असणारं, मुलींसाठी संडास असलेलं शाळेचं मैदान कोणाच्या माहितीत आहे का?

अकरा_नंबर

ताई, मला कोणी उचलून नेलं तरी संध्याकाळी नळानंतर मी इथेच सापडेन. पण बाकीच्यांसाठी लेखी करार करून ठेवा, लायसन्सचा खर्च संस्थेने केला तर निदान दोन वर्षं थांबायचं.

कामठीवाला

बेलतरोडी रोडवर एका शाळेचं मैदान आहे, गवत चांगलं आहे, सकाळी कोणी नसते. मुख्याध्यापक माझ्यासोबत खेळलेले. संडासाचं विचारून सांगतो. ताई, व्यक्तिगत निरोप पाहा.